घरघंटी, फेणी आणि मृगाचा वास

जोयडा,
मृगाचा दुसरा आठवडा

प्रिय तू,

नाव लिहिलं होतं, पण शाई पसरली आणि तुझ्या नावाचा ढग झाला. तेव्हा आता नुसतं 'तू'. नऊ दिवस झाले, पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कागद सादळलाय, गादी ओली, मिठाच्या बरणीत तळाला पाणी, आणि ह्यांच्या लग्नातल्या बुटांवर मस्त हिरवी लव आलीये. कपडे चुलीच्या वर काठ्या बांधून वाळवतोय. तुला सांगते, सध्या आमच्या घरात सगळ्यांचं मिळून एकच अत्तर, धूर.

तुझी ती अकरा मिनिटांची व्हॉइस नोट ऐकली. तीन हप्त्यांत ऐकली, कारण रेंज येते ती घरामागच्या टेकाडावर, फणसाखाली, आणि तिथे जळवा वाट बघत असतात. पहिल्या हप्त्याला दोन, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला चक्क पाच. तुझ्या आवाजापायी मी रक्त सांडलंय, हे ध्यानात ठेव. आणि ऐकून काय मिळालं? तर 'अगं, ऑफिसात डीएनए छापायचं मशीन आलंय, टेबलावर मावतं, बघ तू, दहा वर्षांत तुझ्या स्वैपाकघरात मिक्सरशेजारी असेल!' शेवटची चार मिनिटं तर तू नुसती 'बघच तू, बघच तू' म्हणत होतीस. होस्टेलमध्ये इस्त्रीवर डोसा करायच्या वेळीही तुझा हाच सूर होता. त्या इस्त्रीचं पुढे काय झालं, आणि माझ्या पांढऱ्या ओढणीचं काय झालं, ते उगाळत नाही.

पण तुझं बोलणं डोक्यात राहिलं हं. पाऊस पडत असला की इथे दुसरं काम नसतं. एक वही काढली, बेळगावहून भाच्याने आणून दिलेली दोन-तीन पुस्तकं काढली, आणि आपण बी.एस्सी.ला जे पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि विसरून गेलो, ते परत वाचत बसले. तुला आठवतं का, वायव्हाला परीक्षकांनी मला खोराना विचारला आणि मी त्यांनी 'रेडिओ सिलोन' म्हटल्यासारखं तोंड केलं होतं? तर आता मला खोराना चांगला कळलाय. फार उशिरा कळला, पण कळला.

हरगोविंद खोराना जन्मले त्या रायपूर गावात, आता ते पाकिस्तानी पंजाबात आहे, जेमतेम शंभर माणसं. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे शानभोगच म्हण. शिकलेलं घर बहुधा तेवढं एकच. पहिली शाळा झाडाखाली. त्या माणसाने १९७० मध्ये जाहीर केलं की आम्ही हाताने एक अख्खं जनुक बांधलं. यीस्टमधलं, फक्त ७७ अक्षरांच्या जोड्यांचं. डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी, सी, हे तुला मी सांगायला नको. पण ७७ जोड्यांना एका मोठ्या चमूची कितीतरी वर्षं लागली, हे वाचल्यावर मी वही मिटून चहा केला. एवढ्या वर्षांत आम्ही घराची एक भिंत धड सरळ बांधून घेऊ शकलो नाही.

नंतर मार्विन कॅरुथर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जी पद्धत बसवली, तीच अजून जगभर चालते. एका घट्ट मण्यावर पहिलं अक्षर चिकटवायचं. त्याच्या तोंडावर टोपण असतं, ते काढायचं. दुसरं अक्षर जोडायचं. जे जोडलं गेलं नाही त्याचं तोंड कायमचं बंद करायचं. जोड पक्की करायची. मग परत टोपण. अगदी गजरा ओवल्यासारखं, फक्त प्रत्येक फुलानंतर दोरा धुवायचा. आणि गंमत अशी, की प्रत्येक वेळी शंभरातली नव्व्याण्णव फुलंच लागतात. ऐकायला नव्व्याण्णव म्हणजे पहिला नंबर वाटतो ना? मी वहीत गुणाकार करत बसले. साठ अक्षरांच्या गजऱ्यात निम्म्याहून थोडे जास्त पूर्ण होतात. दोनशे अक्षरांच्या गजऱ्यात शंभरातले तेरा. बाकी सगळे तुटके. म्हणून लांब जनुक एका दमात कोणी छापत नाही, छोटे तुकडे करून मागाहून सांधतात, आणि सांधल्यावर नीट वाचून बघतात.

आता खरी मौज. ह्या पद्धतीला पाणी अजिबात चालत नाही. अक्षर जोडायच्या वेळी रसायनात नखभर ओल असली तरी जोड फसते. द्रावक कोरडा हवा, वायू कोरडा हवा, बाटल्यांची झाकणंसुद्धा कोरडी हवीत. तुला सांगते, हे वाचलं आणि मी एकटीच इतकी हसले की हे बाहेरून विचारायला आले. जोयड्यात! जिथे आगपेटी डब्यात घालून, डबा तांदळात पुरून ठेवावा लागतो! तुझं ते दहा वर्षांनंतरचं मशीन इथे आणलं तर पहिल्या मृगात ते फक्त बुरशी छापेल, आणि तीही आमच्या बुटांवरच्यापेक्षा कमी प्रतीची.

तू म्हणशील, 'पण आमचं मशीन तसलं नाहीच.' माहीत आहे. तिसऱ्या हप्त्यात, पाच जळवांच्या मध्ये, तू ते सांगितलंस. नव्या पद्धतीत रसायनाऐवजी एन्झाइम अक्षरं जोडतं, आणि ते पाण्यातच काम करतं. पॅरिसच्या डीएनए स्क्रिप्ट कंपनीने असं टेबलावर मावणारं यंत्र २०२१ मध्ये बाजारात आणलं. साठेक अक्षरांचे शहाण्णव तुकडे ते तेव्हा एका रात्रीत काढायचं म्हणे. त्या एन्झाइमचं नाव तीन वेळा वाचूनही माझ्या जिभेवर बसत नाही, टर्मिनल डिऑक्सिन्यूक्लिओटिडिल ट्रान्सफरेज. लाडाने टीडीटी. त्याची गोष्ट मात्र मला फार आवडली. हे आपल्याच शरीरात, रोगाशी लढणाऱ्या पेशी घडताना काम करतं, आणि काम काय, तर साच्याशिवाय वाटेल ती अक्षरं सुताला जोडत सुटणं. मनाला येईल तसं. त्या मनमानीमुळेही आपल्याकडे इतक्या तऱ्हांची प्रतिपिंडं होतात, कुठलं ना कुठलं येणाऱ्या जंतूला बसतंच. अशा बेबंद कारकुनाला शास्त्रज्ञांनी वळण लावलं. प्रत्येक अक्षराला टोपण घालून दिलं, एक जोडलं की पुढचं लागेना, टोपण काढलं की पुढचं. टोपण इथेही आहेच बघ. माणसाला टोपणाशिवाय काही सुचत नाही.

तर ओल्या हवेत चालेल असं हे एकच. म्हणजे जोयड्याला भविष्य आहे! पण वीज? काल दुपारी गेली ती आज दुपारी आली. एका रात्रीचं काम आमच्याकडे किती दिवसांत होईल, याचा हिशोब तू कर. तू हिशोबात हुशार होतीस, माझी मेसची उधारी अजून तुझ्याकडे लिहिलेली असेल.

आता तुला मे महिन्याची बातमी. तुझी व्हॉइस नोट यायच्या आधीच आमच्याकडे 'घरगुती जीवशास्त्र' होऊन गेलंय, आणि ते तुला ठाऊकच नाही! भाचा सुट्टीला आला होता, नववीतून दहावीत गेलेला, म्हणजे सर्वज्ञ. त्याला केळ्यातून डीएनए काढायचा होता. सोपं आहे. केळं कुस्करायचं, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, चिमूट मीठ, फडक्यातून गाळायचं, आणि वरून गार मद्यार्क अलगद सोडायचा, की पांढरे धागे वर येतात. कुस्करल्याने पेशींच्या भिंती फुटतात, साबणाने पडदे विरघळतात, मिठाने डीएनए एकत्र यायला तयार होतो, आणि मद्यार्कात तो विरघळत नाही म्हणून दिसतो. बाकी सगळं घरात होतं. मद्यार्काचं काय? ह्यांनी नुकतीच गोव्याहून काजूची फेणी आणलेली. बाटली फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात, अगदी गार. भाच्याने मला विचारलं, मी 'घे' म्हटलं. ह्यांना विचारलं नाही.

अर्धी बाटली गेली, गं. धागा नाही, काही नाही. केळ्याचं गढूळ पाणी आणि फेणीचा वास, एवढंच. दोघंही ग्लासात डोळे घालून बसलोय, आणि तेवढ्यात हे आले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. सासरे गेले तेव्हाही इतका पडला नव्हता. मागाहून पुस्तकात सापडलं, की फेणीत मद्यार्क शेकडा बेचाळीस-पंचेचाळीस. तेवढंच केळ्याचं पाणी त्यात मिसळलं की उरला तो जवळजवळ निम्मा. डीएनए वर यायला त्याच्या दुपटीहून जास्त लागतो. दुसऱ्या दिवशी दांडेलीहून औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आणलं, बर्फात ठेवलं, आणि बघता बघता पांढरी लोकरीसारखी गुंतवळ वर तरंगायला लागली. खरं सांगू? अंगावर काटा आला. नुसतं केळं होतं. रोज खातो ते.

नेमक्या त्याच वेळी आमच्या शेजारच्या कुणबी आजी कोन घेऊन आल्या. कोन म्हणजे आपलं कोनफळ. भाचा धावत गेला, 'आजी, बघा, हा केळ्याचा डीएनए, ह्यातच सगळं लिहिलेलं असतं!' आजींनी ग्लास उजेडात धरला, फिरवला, नाकाजवळ नेला, आणि म्हणाल्या, 'अगो, हो तर शेंबूड!' भाचा असा हिरमुसला! मी मात्र मान्य केलं. दिसतो तसाच. तुझ्या ऑफिसात हे कोणी मोकळेपणाने बोलत नसेल.

आजींवरून आठवलं. तुला इथल्या कंदांबद्दल मागे लिहिलं होतं ना? हिवाळ्यात जोयड्याला गेड्डे-गेणसू मेळा भरतो, आणि चुलीच्या राखेतल्या भाजक्या कोनाचा वास सगळ्या पटांगणात असतो. बाहेरून येणारी मंडळी हल्ली तिथे आजींसारख्यांना 'मूळच्या शास्त्रज्ञ' वगैरे म्हणतात. मला ते जरा चिकट वाटतं. कारण आजी काय करतात ते मी पाहिलंय. कंदाचा तुकडा कापायचा, राख लावायची आणि पुरायचा. बियाणं वगैरे नाही. म्हणजे मागच्या वर्षीचाच कोन ह्या वर्षी परत. झेरॉक्स. त्यांच्या सासूच्या सासूकडचा कोन जवळजवळ अक्षर न अक्षर तोच आजही असेल. नवीन त्यांनी काही लिहिलेलं नाही, लिहायची हौसही नाही. पण एवढी वर्षं जवळजवळ बिनचूक नक्कल, आणि ती पण पावसात! शंभरातली नव्व्याण्णव म्हणून मिरवणाऱ्या तुझ्या मशीनला मी हे ऐकवणार आहे. निदान आजींना 'शास्त्रज्ञ' म्हणण्यापेक्षा 'नक्कलनवीस' म्हटलं तर त्यांना राग येईल आणि मला बरं वाटेल.

हं, आता मृगाच्या वासाचं. पहिली सर आली त्या संध्याकाळी मी पायरीवर बसले होते. तापलेल्या तांबड्या मातीवर थेंब पडले आणि तो वास उठला. तू इथे असतीस तर रडली असतीस, तू सिनेमातल्या पावसालाही रडतेस. तर तुला सांगते, ह्या वासाचा निम्मा कारभार एका जीवाणूचा आहे. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जीवाणू मातीत असतात, ते जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात. आपलं नाक त्याला इतकं तल्लख, की लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी ओळखतं. आणि तू बीट खात नाहीस, 'मातीचा वास येतो' म्हणतेस ना? तोच हा. म्हणजे ज्या वासाला तू पावसात डोळे मिटतेस, त्यालाच पानात नाक मुरडतेस. हे मला तीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

आणि हा वास आपल्याच राज्यात, बंगळुरात, हौशी मुलांनी जीवाणूत घातलाय! २००९ ची गोष्ट. अमेरिकेत एमआयटीमधून सुरू झालेली आयजेम नावाची स्पर्धा आहे, जगभरातले विद्यार्थी जनुकांचे तयार तुकडे जोडून जीवाणूकडून काहीतरी नवं करवून घेतात. तिथे बंगळुरातून 'आर्टसायन्स बंगलोर' नावाचा चमू गेला. ही मुलं सृष्टी ह्या कला-आरेखनाच्या संस्थेतली. जीवशास्त्र शिकणारी नव्हतीच! यशस शेट्टी हे कलावंत शिक्षक त्यांच्या मागे, आणि एनसीबीएस ह्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले मुकुंद थत्तै शास्त्राच्या बाजूने पाठीशी. त्यांनी ई. कोलायला, जो आपल्या पोटातही असतो त्याला, पावसाचा वास यावा म्हणून जिओस्मिनचं जनुक घातलं. सगळे चमू औषधं, इंधनं आणि विषं ओळखणारे जीवाणू घेऊन जातात, आणि ही मुलं पहिल्या पावसाचा वास. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. हौस म्हणतात ती ही. उपयोग काय, असं कोणी विचारलं की तोंडात बोट घालून उभं राहावं अशी.

मी मनातल्या मनात त्या जनुकाचा भाव काढला. अक्षरं दोन हजारांहून थोडी जास्त. ह्या शतकाच्या सुरुवातीला एकेका अक्षराला काही डॉलर पडत, आता दहा सेंटांच्या आत आलंय. म्हणजे पावसाचा वास टपालाने मागवायचा तर दोनेकशे डॉलर. आमच्याकडे तो अंगणात फुकट पडतो आणि आम्ही खिडकी लावून घेतो, गादी भिजते म्हणून.

अशीच दुसरी एक हौस. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या काही जणांनी लोकांकडून वर्गणी काढली, रात्री उजळणारं रोप करू म्हणून. साडेआठ हजारांच्या आसपास लोकांनी मिळून चार लाख चौऱ्याऐंशी हजार डॉलर दिले. मोठमोठी स्वप्नं, रस्त्यावर दिव्यांऐवजी झाडं! रोप काही धड उजळलं नाही, २०१७ पर्यंत सगळं गुंडाळलं. बिचारे. मग दुसऱ्याच लोकांना ते जमलं, आणि कशाने? उजळणाऱ्या अळिंबीच्या जनुकांनी. वनस्पतींत कॅफिक आम्ल असतंच, अळिंबी त्याच्यापासून उजेड करते. तिची जनुकं रोपात घातली की रोप आपलं आपण उजळतं. २०२४ मध्ये तुमच्या अमेरिकेत असं पेटुनियाचं रोप एकोणतीस डॉलरला मिळू लागलं. तू घेतलंयस का? नसेल तर घे, आणि फोटो पाठव, मी फणसाखाली जाऊन बघेन.

पण उजेड मला नवा नाही. मागच्या श्रावणात रात्री वीज गेली होती, आम्ही अणशीच्या वाटेवर गाडी थांबवली आणि दिवे बंद केले. कुजक्या लाकडावर फिकट हिरवं काहीतरी सांडल्यासारखं. आधी वाटलं डोळ्यांना भास. मग ह्यांनी एक काटकी उचलली, ती हातात उजळत होती. आम्ही दोघं पंधरा मिनिटं काही बोललो नाही, आणि तुला माहीत आहे, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पंधरा मिनिटं न बोलणं आणि न भांडणं ही केवढी गोष्ट असते. पहाटेपर्यंत ती काटकी उशाशी होती. सकाळी बघितलं तर लाकूड.

आता तुझ्या मुख्य मुद्द्यावर येते, नाहीतर म्हणशील सगळं लिहिलं आणि माझ्या मशीनला टाळलं. टाळत नाही. मला तुझ्या 'प्रत्येक घरात' ह्या शब्दांची जरा धास्ती वाटली. कारण माझ्या घरात घरघंटी आहे.

आठ वर्षांपूर्वी हुबळीच्या प्रदर्शनातून हौसेने घेतली. घरचं दळण, ताजं पीठ, गिरणीची रांग नको! सुरुवातीला रोज. मग आवाज. मग व्होल्टेज पुरेना. मग पाट्याच्या फटीत टोके. आता तिच्यावर मनीप्लांट आहे, अगदी शोभून दिसतो. दळण परत गिरणीत. आणि गिरणीत गेले तेव्हा मला कळलं, की मी आठ वर्षांत काय गमावलं होतं. गिरणीवाला डबा उघडतो, हात घालतो, गहू चिमटीत धरून नाकाशी नेतो. 'ताई, ओलं आहे, वाळवून आणा.' मिरची दळल्यावर गहू घेत नाही, उपवासाचं वेगळ्या दिवशी. भाजणीच्या डब्याच्या आकारावरून कुणाच्या घरी लग्न ते ओळखतो. मागच्या वर्षी कोणी अनोळखी माणूस काजऱ्याच्या बिया दळून मागायला आला होता. विषारी, तुला माहीत आहेतच. कुत्र्यांसाठी की औषधासाठी, काहीतरी सांगत होता. गिरणीवाल्याने डबा झाकून परत दिला. म्हणाला, 'ह्याच जात्यावर उद्या अंगणवाडीचे गहू येणार आहेत.' संपलं. त्याला कुठला कायदा पाठ नव्हता.

तुमच्या डीएनएच्या दुनियेतही हेच झालंय बघ. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळ एकार्ड विमर ह्यांच्या प्रयोगशाळेत टपालाने मागवलेले तुकडे सांधून पोलिओचा विषाणू तयार केला, साडेसात हजारांच्या आसपास अक्षरांचा. २००६ मध्ये लंडनच्या 'गार्डियन'ने कोणी अडवतं का बघायला देवीच्या विषाणूचा ७८ अक्षरांचा तुकडा मागवला, आणि तो चक्क एका राहत्या घरी पाकिटातून आला! ७८ अक्षरांनी कुणाचं काही बिघडत नाही, पण डबा उघडून कोणी पाहिला नव्हता, हे तर दिसलं. मग २००९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं, की मागणी आली की अक्षरं जुळवून बघायची आणि मागणारा कोण हेही बघायचं. म्हणजे आमचा गिरणीवाला. पण घरघंटी डब्यात हात घालत नाही गं! तिला घातलं ते दळणं माहीत. तू म्हणालीस, तपासणी यंत्राच्या आतच बसवतील. बसवतीलही. हे म्हणाले, 'म्हणजे मिक्सरमध्ये पोलीसपाटील.' मला ते पटलं नाही, पण हसू आलं.

इथे तर घरी असलं काही करायला परवानगीच नाही. १९८९ चे नियम आहेत, जनुक बदललेला जीवाणू वाढवायचा तर संस्था हवी आणि संस्थेची जैवसुरक्षा समिती हवी. बंगळुरातल्या त्या मुलांनीही मोरीत केलं नव्हतं, प्रयोगशाळेत केलं. केळ्याचा शेंबूड काढायला मात्र कुणाची ना नाही, फक्त फेणीच्या मालकाची. भाचा म्हणतो, नियम जुने आहेत, हौशी माणसाचा त्यात विचारच नाही. ते खरं आहे. ह्या मुलाला दहावीनंतर पावसाचा वास लिहून बघावासा वाटला तर त्याने बंगळुरालाच जायचं का? माझं म्हणणं एवढंच, की त्याला घरघंटी नको, गिरणी द्या. कारवारला किंवा दांडेलीला एखादी जागा, जिथे डबा घेऊन जाता येईल, नंबर लावता येईल, आणि जात्यापाशी कोणीतरी असेल, जो चिमटीत धरून म्हणेल, 'बाळा, ओलं आहे,' किंवा 'हे घरी ने.' त्याला दळणाची अक्कल हवी, आणि जिव्हाळा हवा. मशीन किती का लहान होईना.

आणि शुद्धलेखन बघणाराही कोणीतरी हवाच. क्रेग व्हेंटर ह्यांनी २०१० मध्ये कृत्रिम डीएनएवर चालणारी जीवाणूची पेशी केली, दहा लाखांहून जास्त अक्षरांची. हौसेने त्यात आपली सही म्हणून काही थोरांची वचनंही लिहिली. फाइनमनचं वचन चुकीचं लिहिलं! कॅलटेकवाल्यांनी त्यांच्या फळ्याचा फोटो पाठवून दुरुस्ती सांगितली. जॉइसच्या वारसांनी तर परवानगीशिवाय ओळ छापली म्हणून पत्र धाडलं. एवढा खर्च करून चूक ती चूकच. मला तुझं धारवाडच्या त्या मुलाला लिहिलेलं पत्र आठवलं, ज्यात तू 'प्रीय' लिहिलं होतंस आणि त्याने ते लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं. बरं झालं त्याच्याशी लग्न केलं नाहीस.

वीज येऊन गेली, आता मेणबत्तीवर लिहितेय. आजींनी निरोप दिलाय की तुला कोन ठेवलाय, पण खायला नाही, पुरायला. बोस्टनला कुठे पुरणार, हे तू त्यांना समजाव, मी हरले. हे फेणीचा विषय अजून काढतात, म्हणजे बरे आहेत.

तू डिसेंबरात येतेस असं म्हणालीस, ये. तुझ्या मशीनचा फोटो चालेल, मशीन नको. त्यापेक्षा औषधांच्या डब्यांतून त्या सिलिका जेलच्या पुड्या निघतात ना, त्या सगळ्या फेकून न देता साठवून आण, मिठाला लागतात. आणि येशील ती बुधवारी पोचू नकोस. तुला आधी गिरणीवाल्याकडे न्यायचंय, आणि बुधवारी गिरणी बंद असते.

तुझीच,
मी